पहिला प्रश्न

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक मुलगी राहते. ब्लाउज शिवते. मुलगी म्हणते खरी, पण तिशी ओलांडलेली आहे, सहा वर्षांच्या मुलाची आई आहे. माहेर बार्शीकडचं, शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठीतून. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे ब्लाउजपीस द्यायला गेले, तर मशीनवर टीप मारता मारता तिचे ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत असेल असं वाटलं. मग फ्रिजच्या दाराकडे लक्ष गेलं. वहीचा एक कागद तिथं चिकटवलेला होता आणि त्यावर देवनागरीत इंग्रजी लिहिलं होतं. 'माय सन इज सिक्स इयर्स ओल्ड. ही लाइक्स ड्रॉइंग. आय अ‍ॅम अ टेलर.' शेवटच्या ओळीतलं 'टेलर' खोडून वर 'फॅशन डिझायनर' लिहिलं होतं. मग तेही खोडून पुन्हा 'टेलर'.

"उद्या शाळेत बोलावलंय, काकू," ती म्हणाली. "पहिलीच्या प्रवेशासाठी आईवडिलांशी बोलणार आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम खाली गेले. दिवा न लावता बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चिठ्ठीतलं त्यांनी काही विचारलंच नाही. शाळेकडून तुमच्या अपेक्षा काय, असं विचारलं, इंग्रजीत. प्रश्न कळला हो मला. उत्तरही होतं. पण ते मराठीत होतं."

ती गप्प राहिली. समोरच्या बाई गोड हसल्या, 'इट्स ओके' म्हणाल्या आणि पुढचे सगळे प्रश्न तिच्या नवऱ्याला विचारले. "ओरडल्या असत्या तरी चाललं असतं," ती म्हणाली. "त्यानंतर माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. मी तिथं नसल्यासारखी."

उत्तर होतं, पण ते मराठीत होतं. हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

ही मुलगी बोलू लागली की ऐकत राहावं अशी आहे. मागे माझा उजवा खांदा आखडला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. मी तिला सांगितलं, मुंढा जरा मोठा काप, म्हणजे हात मोकळा राहील. ती हसली आणि म्हणाली, "सगळ्यांना असंच वाटतं, काकू. पण उलट असतं. मुंढा खोल कापला की हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा बगलेजवळ वर ठेवायचा आणि बाहीला घेर द्यायचा. मग हात हलतो, ब्लाउज हलत नाही." एकदा मी विचारलं, गळ्याला ही तिरकी पट्टीच का लावतेस? तिनं कापडाचा एक तुकडा हातात घेतला आणि सरळ ताणून दाखवला. ताणला गेला नाही. मग तोच कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढला, तर रबरासारखा आला. "उरेब कापलं की कापड वळतं. गळ्याच्या गोलाईवर सरळ पट्टी लावली तर चुण्या पडतात." हातातल्या वस्तूवर नजर ठेवून, एकेक पायरी दाखवत, समोरच्याला कळेपर्यंत ती समजावते. तीस वर्षं शिकवण्यात घालवल्यावर मी सांगू शकते की ही हातोटी फार थोड्या शिक्षकांकडे असते.

आणि त्या खोलीत, दहा मिनिटांत, ती मठ्ठ ठरली.

तिथं जे घडलं ते चुकीचं तर होतंच, पण कायद्यातही बसणारं नव्हतं, हे मात्र फार थोड्या आईवडिलांना ठाऊक असतं. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या १३व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की, प्रवेश देताना मुलाची किंवा त्याच्या आईवडिलांची कोणतीही चाचणी शाळेनं घ्यायची नाही. चाचणी म्हणजे काय तेही सांगून ठेवलं आहे: एका मुलाऐवजी दुसऱ्याला निवडण्याची, सोडतीखेरीजची कोणतीही पद्धत. पहिल्यांदा हे कलम मोडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा कायदा लागू होत नाही. बाकीच्यांना होतो. म्हणून मग मुलाखतीला मुलाखत म्हणत नाहीत. 'भेट' म्हणतात, 'इंटरॅक्शन' म्हणतात.

मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कायदा असेल हो, काकू. पण प्रवेश तर त्यांच्याच हातात आहे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या माणसाबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं? मला वाटायचं, हा निव्वळ गर्व आहे, गोऱ्या साहेबाचा वारसा आहे. तो आहेच. पण त्याहून खोलवरचंही काही आहे. शिकागो विद्यापीठात शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायझर या दोघांनी २०१०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकी श्रोत्यांना साधी साधी विधानं ऐकवली. उंटापेक्षा जिराफ जास्त काळ पाण्यावाचून राहू शकतो, अशा धाटणीची. काही विधानं इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांच्या तोंडून, काही परक्या उच्चारांच्या माणसांकडून. बोलणारे दुसऱ्यानं दिलेलं वाक्य नुसतं वाचून दाखवत आहेत, हेही श्रोत्यांना सांगितलेलं होतं. तरी उच्चार जड असलेल्या माणसाच्या तोंडचं वाक्य श्रोत्यांना कमी खरं वाटलं. कारण असं निघालं की ऐकताना मेंदूला जरा जास्त कष्ट पडतात, आणि ते कष्ट भाषेमुळे पडले हे न ओळखता आपण त्यांचा राग बोलण्याच्या खरेपणावर काढतो. श्रोत्यांना आधी सावध केलं, तेव्हा उच्चार थोडेसे वेगळे असलेल्यांच्या बाबतीत हा दोष गेला. फार जड उच्चारांच्या बाबतीत सावध करूनही गेला नाही.

म्हणजे शाळेतल्या त्या बाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना ऐकायला कष्ट पडले आणि ते कष्ट त्यांनी माझ्या शेजारणीच्या खात्यावर मांडले. पण हे सहज घडतं म्हणून माफ करावं असं नाही. सहज घडतं म्हणूनच जास्त सांभाळायला हवं.

कॉलेजात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना 'व्हर्नी' म्हणून चिडवतात. व्हर्नाक्युलरचं हे लाडकं रूप. त्या शब्दाचं मूळ मी एकदा शब्दकोशात शोधलं होतं. लॅटिनमध्ये 'व्हर्ना' म्हणजे धन्याच्या घरी जन्मलेला गुलाम. त्याच्यावरून 'घरचं, देशी' असा अर्थ आला आणि त्याच्यापासून व्हर्नाक्युलर. चिडवणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. पण ज्याला चिडवतात, त्याची मान खाली जाते ती मात्र अगदी त्याच अर्थानं.

इथं कुणी म्हणेल की मग इंग्रजीचा नादच सोडा, मराठी शाळा आहेत की. मी मराठी शिकवलं, मराठी शाळांवर माझा जीव आहे, तरी माझ्या शेजारणीला हे सांगायचं मला धैर्य होत नाही. ती काही वेड्यासारखी इंग्रजीच्या मागे लागलेली नाही. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५च्या देशव्यापी पाहणीवरून हिशेब मांडला: बाकी शिक्षण वगैरे सारखं असताना, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होती, आणि थोडंफार इंग्रजी येणाऱ्याची १३ टक्क्यांनी. तिला हे आकडे ठाऊक नाहीत. तिला एवढंच ठाऊक आहे की समोरच्या सोसायटीत ब्लाउज द्यायला जाते तेव्हा दार कोण कसं उघडतं. पोरासाठी ती जे मागते आहे ते रास्त आहे. वाघिणीचं दूध म्हणत ज्यांनी इंग्रजी स्वतःच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पचवलं, त्यांनी इतरांना मातृभाषेचं माहात्म्य सांगत बसू नये.

आणि तिला इंग्रजी येत नाही यात तिचा दोष तरी किती? ती १९९९च्या जूनमध्ये पहिलीत बसली. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २०००मध्ये. एका वर्षानं हुकली. तिची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, आणि शिकवणाऱ्या गुरुजींनाही इंग्रजी बोलायची वेळ कधी आलेली नव्हती. धडा वाचायचा, अर्थ मराठीत सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची. बारा वर्षांत एक वाक्य स्वतःहून बोलायला कुणी लावलं नाही. तिच्यासारखीच गत देशातल्या बहुतेकांची आहे. २०११च्या जनगणनेत इंग्रजी आपली पहिली भाषा आहे असं सांगणारे जेमतेम दोन लाख साठ हजार होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून येते असं सांगणारे धरले तरी साधारण तेरा कोटी, १२१ कोटींत. दहातल्या नऊ जणांना जे येत नाही, तेच माणूस जोखण्याचं माप होऊन बसलं आहे.

अशा वेळी मला एका वर्तमानपत्राचं नाव आठवतं. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते, लंडनचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. इंग्रजीवर त्यांची पकड कशी होती हे वेगळं सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी पत्र काढलं ते मराठीत, आणि त्याचं नाव ठेवलं 'मूकनायक'. ज्यांच्या तोंडाला कुलूप घातलं गेलं त्यांच्यासाठी बोलायचं, तर ते त्यांना कळणाऱ्या भाषेत. पुढे १९२७मध्ये 'बहिष्कृत भारत' काढलं तेही मराठीत. इंग्रजी कुठं वापरायची आणि मराठी कुठं, हे त्यांनी समोर कोण आहे ते बघून ठरवलं. आपण नेमकं उलट करतो. समोर कोण आहे ते न बघता भाषा ठरवतो, आणि मग तो माणूस मुका आहे असा निकाल देतो.

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट सांगून टाकायला हवी. पुष्कळ वर्षं झाली त्याला. सहावीच्या वर्गात एक नवा मुलगा आला होता. वडील विहिरी खणायच्या कामावर, गावोगाव फिरणारे. धडा मोठ्यानं वाचताना त्यानं 'पाणी'चं 'पानी' म्हटलं. वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केलं नाही. मी त्याला उभं ठेवून म्हटलं, "ण म्हण. पाणी. पुन्हा म्हण." तीन वेळा म्हणून घेतलं. तिन्ही वेळा 'पानी'च आलं आणि तिन्ही वेळा वर्ग हसला. मला वाटत होतं मी उच्चार सुधारते आहे.

त्या वर्षभरात त्याचा हात पुन्हा वर आला नाही.

सहामाहीला निबंधाचा एक विषय विहिरीचा होता. त्यानं लिहिलं होतं की विहीर खणताना पाणी लागायच्या आधी मातीचा वास बदलतो, खाली उतरलेल्या माणसाच्या पायांना गारवा जाणवतो, आणि मग कुणी काही न सांगता वरची माणसं कडेला येऊन वाकून बघू लागतात. असा निबंध मला तीस वर्षांत दुसरा मिळाला नाही. त्यात 'पाणी' हा शब्द अकरा वेळा आला होता. मी मोजले. अकराही ठिकाणी ण बरोबर होता. लिहिताना त्याला सगळं येत होतं. मी त्याला बोलायचं बंद केलं होतं.

त्या शाळेतल्या बाईंना मी बोल लावते तेव्हा हा मुलगा माझ्यासमोर उभा असतो. इंग्रजीच्या नावानं जे आपल्यावर होतं, तेच आपण 'शुद्ध' मराठीच्या नावानं घाटावरच्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, वऱ्हाडातल्या लेकरांवर करत आलो आहोत. 'आनि-पानी'ला हसणाऱ्याला इंग्रजीतून हसणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येत नाही. मी त्या मुलाची माफी मागितली नाही. पुढच्या जूनमध्ये त्याचे वडील दुसऱ्या गावी गेले आणि तोही गेला.

यावर इलाज फार अवघड आहे असं मला वाटत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचंच घ्या. देशाचा कारभार चालवणारे अधिकारी निवडायचे, इतकं मोठं काम. तिथं इंग्रजीचा एक पेपर आहे, तीनशे गुणांचा, पण त्यात पंचवीस टक्के मिळाले की पुरतं, ते गुण निकालात धरत नाहीत. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. मुलाखतही मराठीतून देता येते, मंडळाला भाषा येत नसेल तर दुभाषा बसवतात. जिल्हा सांभाळायला निघालेल्या उमेदवाराला आपल्या भाषेत बोलायची मुभा आहे. आणि पहिलीत जाणाऱ्या पोराच्या आईला ती नाही, तीही पुण्यात, जिथं विचारणाऱ्या बाईंना आणि उत्तर देणाऱ्या आईला दोघींनाही मराठी येतं.

दोघींनाही येतं. मला या गोष्टीचा खेद होतो तो इथंच. दुभाषाही लागणार नव्हता. फक्त त्या बाईंनी, समोरची थबकली हे बघितल्यावर, "मराठीत बोला ना," एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. ते का निघाले नाहीत? निघाले असते तर त्यांना कळलं असतं की ही आई मुलाला रोज रात्री चिंध्यांतून रंग जुळवायला देते, चिंध्या मोजून गुणाकार शिकवते, आणि शाळेनं आपल्या मुलाला 'का' विचारायची भीती वाटू देऊ नये एवढीच तिची अपेक्षा आहे. हे तिनं मला सांगितलं, त्याच अंधाऱ्या संध्याकाळी. हेच ते उत्तर. ते मराठीत होतं.

त्या शाळेचा निरोप आलाच नाही. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या एका शाळेत गेली. तीही इंग्रजी माध्यमाचीच, जरा लांब, फारसं नाव नसलेली. चिठ्ठी घेऊनच गेली. तिथल्या मुख्याध्यापिका टेबलामागून उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा, तुमचा मुलगा घरी काय काय करतो?" ती पंचवीस मिनिटं बोलत होती. मधे त्या बाईंनी दोन इंग्रजी शब्द वापरले, हिनं एक वापरला. फॉर्म भरून झाल्यावर हिनंच विचारलं, "मला इंग्रजी शिकायचंय, तुमच्याकडे आयांसाठी काही आहे का?" नव्हतं. जूनपासून शनिवारी दुपारी एक तास सुरू झाला. पाच आया येतात.

मुलगा आता पहिलीत आहे. फ्रिजवरची चिठ्ठी गेली. तिच्या मापाच्या वहीत 'छाती, कंबर, बाही' यांच्या शेजारी इंग्रजी शब्द येऊ लागले आहेत, तिनं स्वतः लिहिलेले, रोमन लिपीत. मुंढ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिनं मला विचारलं. मला येत नव्हतं, दोघींनी मिळून शोधलं.

दिवाळीनंतर खासगी शाळांचे प्रवेश पुन्हा सुरू होतील. तुमच्यापैकी काही जण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत असतील, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, कंपनीच्या मुलाखतीत. माझी तुम्हाला हात जोडून एकच विनंती आहे. समोरच्या माणसाला पहिला प्रश्न मराठीत विचारा, आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत थांबा.